चाळीतील निसर्गनोंदवही : दैनंदिन सर्जनशीलतेचा अभ्यास

प्रास्ताविक

ललित गद्याची वैशिष्ट्ये आपण अभ्यासतो, उतारे वाचतो, त्यांतील प्रतिमा व शैली यांचे विवेचन करतो. परंतु असे लेखन मुळात कशातून उगवते, त्यासाठी लेखकाचा डोळा व हात कसा तयार होतो, याचा विचार अभ्यासक्रमात क्वचितच होतो. या घटकात तो करावयाचा आहे.

‘सर्जनशीलता’ हा शब्द उच्चारताच आपल्यापुढे कवी, चित्रकार किंवा नट उभा राहतो आणि आपण स्वतः त्या पंक्तीत बसत नाही, असे ठरवून आपण मोकळे होतो. प्रतिभा ही जन्मजात देणगी आहे, ही समजूत आपल्याकडे संस्कृत साहित्यशास्त्राचा आधार घेऊन सांगितली जाते. हा आधार अर्धाच असतो. मम्मटाने काव्याची कारणे सांगताना शक्ती म्हणजे प्रतिभेचा उल्लेख केला, त्याबरोबरच निपुणता व अभ्यास यांचाही केला. ही निपुणता कशाने येते, तर लोकव्यवहार, शास्त्रे व काव्ये यांच्या अवलोकनाने, असे त्याचे म्हणणे आहे. या यादीत लोक पहिला आहे, हे लक्षात घ्या. भोवतालचे जग नीट पाहणे हा लेखनाच्या पूर्वतयारीचा भाग आहे आणि पाहणे शिकता येते. ते शिकण्याचे एक स्वस्त व सोपे साधन म्हणजे निसर्गनोंदवही. तिला जोडून काही साधे कलाउपक्रमही आपण पाहू.

या घटकासाठी उदाहरण म्हणून वरळीची बीडीडी चाळ मुद्दाम निवडली आहे. महाबळेश्वर किंवा ताडोबा निवडणे सोपे होते. पण तेथे जे साधते ते नोकरी, घरकाम आणि परीक्षा सांभाळणाऱ्या विद्यार्थ्याच्या रोज कामी येणार नाही.

खोली, खिडकी आणि ‘गावचा’ निसर्ग

मुंबईतील गृहनिर्माणासाठी १९२० साली ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ हे सरकारी खाते स्थापन झाले. त्याच्या आद्याक्षरांवरून या चाळींना नाव मिळाले. खाते केव्हाच इतिहासजमा झाले, नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिले. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी अशा चार ठिकाणी मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. त्यांपैकी १२१ एकट्या वरळीत होत्या. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे एका चाळीत ८० बिऱ्हाडे. प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. गिरगावातील अनेक चाळींना जो लांबलचक उघडा सज्जा असतो, तो येथे नाही. मधोमध बोळासारखा मार्ग जातो आणि त्याच्या दोन्ही अंगांना खोल्या आहेत. त्यामुळे बाहेरचे जग दिसते ते खोलीच्या खिडकीतून. आपल्या अभ्यासाची सुरुवातही तेथूनच व्हायची आहे.

गिरणगावात राहणाऱ्या माणसाला ‘निसर्ग कुठे आहे?’ असे विचारले, तर तो बहुधा ‘गावी’ असे उत्तर देईल. कोकणातून, घाटावरून कामधंद्यासाठी आलेल्या कुटुंबांचे आंबे, फणस, ओढे, डोंगर हे सारे गावच्या खात्यावर जमा असते. मे महिन्याच्या सुटीत ते पाहायचे आणि जूनमध्ये परत यायचे. आपल्या साहित्यानेही ही विभागणी बऱ्याच अंशी मान्य केली. निसर्ग म्हटले की बालकवी आठवतात; गिरणगाव म्हटले की नारायण सुर्वे, बाबुराव बागूल, जयंत पवार. या लेखकांपुढे माणसाच्या जगण्याचा प्रश्न इतका तातडीचा होता की त्यांनी झाडांकडे पाहिले नाही म्हणून त्यांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. पण त्यामुळे चाळीच्या भिंतीत उगवलेला पिंपळ ना निसर्गकवितेत शिरला, ना कामगारसाहित्यात त्याला फारशी जागा मिळाली. तो दोहोंच्या मध्ये, नळाच्या पाइपाशेजारी उभा आहे.

या पिंपळाचेच उदाहरण घ्या. पक्षी पिंपळाची फळे खातात आणि त्यांच्या विष्ठेतून बारीक बी भिंतीच्या फटीत, गच्चीच्या कठड्यावर, सांडपाण्याच्या नळाच्या सांध्यात पडते. तेथे ओल असते. पहिल्या पावसानंतर दोन पाने फुटतात. कोणीतरी रोप उपटतो, मूळ आत राहते, पुढल्या पावसात ते पुन्हा येते. ही भिंत आणि ते झाड यांची वर्षानुवर्षांची भांडणे आहेत, आणि भिंत नेहमीच जिंकते असे नाही. तिसऱ्या मजल्यावरील खिडकीतून हे सगळे हातभर अंतरावर दिसते. त्यासाठी कोणत्याही अरण्यात जावे लागत नाही.

मुंबईच्या चाळींच्या आवारांत आणि रस्त्यांच्या कडेने आढळणारी इतर झाडेही पाहा : गुलमोहर, पर्जन्यवृक्ष, पीतमोहर, बदाम, शेवगा, नारळ. यांतील गुलमोहर मूळचा मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष उष्ण कटिबंधीय अमेरिकेचा. चाळीतील माणसांप्रमाणे झाडेही बाहेरून येऊन येथे रुजली आहेत, आणि त्यांना कोणी परके म्हणत नाही. पक्ष्यांत कावळा, चिमणी, पारवा व घार सर्वांना ठाऊक असतात. लक्ष दिले तर तांबट, बुलबुल, दयाळ आणि पोपटही नोंदवहीत येतात. पश्चिमेला चालत जाण्याच्या अंतरावर समुद्र आहे.

कालनिर्णयाच्या चौकटीपासून

नोंदवही म्हटले की जाड पुठ्ठ्याची महागडी वही डोळ्यांपुढे येते. तिची गरज नाही. चाळीतील बहुतेक घरांत नोंदी ठेवण्याची पद्धत पूर्वीपासून आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या चौकटीत दुधाचा खाडा, गॅसची टाकी लावल्याची तारीख, भिशीचा हप्ता, मुलाचा ताप असे सारे लिहिलेले असते. जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये सुरू केलेल्या ‘कालनिर्णय’चे पान महिना संपेपर्यंत त्या घराचे छोटे बखरपत्र झालेले असते. त्याच चौकटीत रोज एक ओळ वाढवा. ‘तांबट बोलला, दुपारी.’ ‘पिंपळाला तांबूस पालवी.’ ‘घार, काडी घेऊन, टाकीकडे.’ एवढे पहिल्या महिन्याला पुरे आहे.

दिनदर्शिकेचा दुसराही एक लाभ आहे. तिच्यावर इंग्रजी तारखेबरोबर तिथीही असते आणि आपले ऋतू चैत्र-वैशाखाच्या हिशेबाने मनात बसलेले असतात. दुर्गा भागवत यांच्या ‘ऋतुचक्र’ (१९५६) या ग्रंथाची बांधणी पाहिलीत तर हे स्पष्ट होईल. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत प्रत्येक महिन्यावर एक लेख, अशी त्याची रचना आहे. झाडे, फुले, पक्षी, आकाश यांच्या सूक्ष्म निरीक्षणांना लोकसाहित्य व संस्कृत काव्य यांची जोड तेथे मिळते. मराठी ललित गद्यात या ग्रंथाला मानाचे स्थान मिळाले ते केवळ भाषेच्या लालित्यामुळे नव्हे, त्या भाषेखाली बारा महिन्यांचे पाहणे आहे म्हणूनही. परळच्या केईएम रुग्णालयात औषधशास्त्राचे अध्यापन करणाऱ्या डॉ. शरदिनी डहाणूकर यांचे ‘फुलवा’ हे पुस्तकही या संदर्भात जरूर वाचा. रुग्णालयाच्या धबडग्यात वावरणारी व्यक्तीही फुलाझाडांकडे किती जवळून पाहू शकते, हे त्यातून कळेल.

आता नोंद कशी नसावी व कशी असावी, ते दोन नमुन्यांवरून पाहू. दोन्ही नमुने या घटकासाठी तयार केलेले आहेत.

पहिला नमुना : ‘आज सकाळी निसर्गाचे मनोहर रूप पाहून मन प्रसन्न झाले. पक्ष्यांचा मधुर किलबिलाट कानी पडत होता. शीतल वारा वाहत होता. निसर्ग किती महान आहे!’

दुसरा नमुना : ‘चैत्र वद्य पंचमी. सकाळी ६.४०. तिसरा मजला, पूर्वेची खिडकी. आकाश पांढुरके, वारा मंद. समोरच्या वीजतारेवर दोन कावळे. एकाच्या चोचीत वीतभर लोखंडी तार. तार तीनदा खाली पडली. तिन्ही वेळा खाली उतरून तीच उचलली. दुसरा नुसता पाहत होता. गुलमोहराला पान नाही, मागच्या वर्षीच्या शेंगा वाजतात. प्रश्न : खाली काड्या पडलेल्या असताना त्याला तारच का हवी?’

पहिल्या नमुन्यात चूक अशी काही नाही. शाळेतील निबंधात त्याला गुणही मिळाले असते. पण तो वरळीत, वाईत किंवा वर्ध्यात, कोणत्याही दिवशी, खिडकी न उघडताही लिहिता आला असता. त्यातील ‘मधुर’, ‘शीतल’, ‘मनोहर’ ही विशेषणे पाहण्याच्या जागी आली आहेत. दुसऱ्या नमुन्यात भार क्रियापदांवर आहे : पडली, उतरून, उचलली, पाहत होता, वाजतात. ‘सुंदर’ हा शब्द एकदाही आला नाही. तरीही वाचणाऱ्याच्या मनात एक दृश्य उभे राहते, आणि तो दुसरा, नुसता पाहणारा कावळा थोडासा विनोदीही वाटतो. लेखकाने विनोद करायचे ठरवले नव्हते. त्याने फक्त दुसऱ्या कावळ्याला वगळले नाही.

नोंदीच्या शेवटी आलेला प्रश्न हा या पद्धतीचा प्राण आहे. त्याचे उत्तर लगेच मोबाइलवर शोधू नका. तो प्रश्न तीन-चार आठवडे वहीत राहू द्या. अशा एका प्रश्नाने याच शहरात एका मुलाचे आयुष्य बदलले होते. खेतवाडीत वाढलेल्या सालिम अली यांनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे घरात कोणाला सांगता येईना, तेव्हा ती घेऊन ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तेथील डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचे ओळखून दिले आणि कपाटातले पक्ष्यांचे संग्रह उघडून दाखवले. सालिम अलींनी पुढे जन्मभर नोंदी ठेवल्या. (बंदूक मात्र आपल्या उपक्रमात नाही. घरटी उतरवणे, अंडी हाताळणे, फांद्या तोडणे हेही नाही.)

कविसंकेत आणि डोळ्यांनी पाहिलेले

मराठीच्या विद्यार्थ्याला नोंदवहीचा सर्वांत मोठा उपयोग होतो तो येथे. साहित्यशास्त्रात तुम्ही ‘कविसंकेत’ ही संकल्पना शिकला आहात. हंस दूध व पाणी वेगळे करतो, चातक केवळ पावसाचे थेंब पितो, असे संकेत परंपरेने काव्यात मान्य झाले आहेत. ते खरे की खोटे, असे कवितेत विचारायचे नसते. पण आपण स्वतः लिहायला बसतो तेव्हा हे संकेत डोळ्यांवर झापड बांधतात. वसंत आला, आंब्याला मोहोर आला, कोकिळा गाऊ लागली, हे वाक्य आपण न पाहता लिहून जातो.

आता खिडकीत उभे राहून पाहा. ‘कुहू’ असा चढत जाणारा आवाज देतो तो नर, म्हणजे कोकिळ. तो काळाभोर असतो आणि त्याचे डोळे लाल असतात. मादी तपकिरी, अंगभर पांढरट ठिपक्यांची. तिचा आवाज तुटक व कर्कश ‘किक्-किक्’ असा असतो. गाणाऱ्या कोकिळेविषयीच्या असंख्य ओळी त्यामुळे पक्षिशास्त्राच्या दृष्टीने बाद होतात. शिवाय हा आवाज वसंत संपल्यावर थांबत नाही; मुंबईत तो पावसाळ्यातही ऐकू येतो. कारण कोकिळा आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते आणि तिचा विणीचा काळ कावळ्याच्या घरटी बांधण्याशी जुळलेला असतो. म्हणजे चैत्र वद्य पंचमीला ज्याच्या चोचीतून तार तीनदा निसटली, त्या कावळ्याच्या संसाराशी या गाण्याचा संबंध आहे. दोन वेगवेगळ्या दिवशीच्या नोंदी अशा एकमेकींना येऊन मिळतात, तेव्हा लेखाचा विषय सापडतो.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. जुन्या लोकांना काहीच ठाऊक नव्हते, असा निष्कर्ष यातून काढू नका. संस्कृतात कोकिळाचे एक नाव ‘परभृत’ आहे, म्हणजे दुसऱ्याने पोसलेला. ज्याने हे नाव ठेवले त्याने कावळ्याचे घरटे नीट पाहिले होते. संकेताच्या तळाशी अनेकदा कोणाचे तरी अस्सल निरीक्षण असते. पुढच्या पिढ्यांनी ते न तपासता वापरले, एवढेच. पावशा पक्ष्याच्या ओरडण्यात शेतकऱ्याला ‘पेर्ते व्हा’ ऐकू आले, तेही याच जातीचे. तांबटाचे नाव तर सरळ कानाने ठेवलेले आहे : तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा त्याचा एकसुरी ‘टुक् टुक्’. तांब्याची भांडी घडवणारा कारागीर शेजारी राहिला नाही. पक्षी अजून त्याचे नाव चालवतो आहे.

नावांचा हा मुद्दा थोडा पुढे नेऊ. वनाधिकारी म्हणून आयुष्य काढलेले मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी आदिवासी व वनवासी लोकांकडून पक्षी, झाडे, प्राणी यांची कितीतरी नावे गोळा केली आणि मराठीत आणली. त्यांचा ‘पक्षिकोश’ याची साक्ष आहे. ते जंगलात गेले. चाळीत राहणाऱ्याला याहून सोपी संधी आहे. एका मजल्यावर वीस बिऱ्हाडे, आणि त्यांत रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कोल्हापूर, अहिल्यानगर अशा वेगवेगळ्या भागांतली माणसे. पावसाळ्यात आवारात उगवणारी एखादी रानभाजी हाती घेऊन बोळातून एक फेरी मारा. कोकणी आजी तिला टाकळा म्हणेल, विदर्भातून आलेले काका तरोटा म्हणतील. भारद्वाज दिसला तर कोणी त्याला कुकुडकोंबा म्हणेल, कोणी सोनकावळा. बोलींचा असा जिवंत कोश विद्यापीठाच्या ग्रंथालयात मिळणार नाही. ज्यांच्याकडून नाव मिळाले त्यांचे गाव नोंदवहीत लिहा. ही नावे सांगणारी पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे, म्हणून हे काम पुढच्या सत्रावर ढकलू नका.

हाताने पाहणे : काही कलाउपक्रम

‘मला चित्र काढता येत नाही’ हे वाक्य या घटकापुरते बाजूला ठेवा. नोंदवहीतील चित्र प्रदर्शनात लावायचे नसते. पान काढताना त्याच्या कडा दंतुर आहेत की सरळ, शिरा समोरासमोर फुटतात की आळीपाळीने, हे हाताला ठरवावेच लागते. लिहिताना ते टाळता येते. चित्र काढणे म्हणजे टाळाटाळ बंद करणे. व्यंकटेश माडगूळकर कथाकार होते तसे चित्रकारही होते. त्यांच्या ‘नागझिरा’सारख्या लेखनातील नेमकेपणात चित्रकाराच्या डोळ्याचा वाटा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पहिला उपक्रम कागदाकडे न पाहता रेघ काढण्याचा. एक पान किंवा शेवग्याची शेंग समोर ठेवा. नजर तिच्या कडेवरून सावकाश फिरवा आणि त्याच गतीने पेन्सिल कागदावर चालवा. कागदाकडे मुळीच पाहू नका. आकृती वेडीवाकडी येईल, मुले हसतील. पण त्या पानाला किती कोपरे होते, ते तुम्ही विसरणार नाही.

दुसरा उपक्रम घासणीचा. पिंपळाचे पान उलटे ठेवून त्यावर पातळ कागद धरा आणि मेणखडू आडवा घासा. शिरांचे जाळे उमटते. हाच कागद चाळीच्या भिंतीवर, जिन्याच्या कठड्यावर, जुन्या लोखंडी कडीवर धरून घासा. शंभर वर्षांच्या वास्तूची त्वचा अशी वहीत येते.

रंग विकत घेण्याची गरज नाही. स्वयंपाकघरात हळद आहे. पाण्यात कालवलेली हळद कागदावर पिवळी उतरते आणि तिच्यावर पानाचा चुना लावला की तांबडी होते, कारण हळदीतील रंगद्रव्य अल्कधर्मी पदार्थाच्या संयोगाने रंग पालटते. हळदीपासून कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर उभी आहे. जास्वंदीची पाकळी कागदावर चोळली तर जांभळट डाग पडतो. त्यावर लिंबाचा थेंब टाका, तो गुलाबी होईल. चहाचे पाणी, कोळसा, गेरू हेही रंगच आहेत. हळदीचा रंग उन्हात लवकर उडतो. म्हणून रंगाशेजारी तारीख लिहा आणि किती दिवसांत तो फिका पडला, तेही पुढे नोंदवा.

थोड्या साधनांत किती साधते याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण वारली चित्रकला. (वरळी आणि वारली यांत नावाच्या सारखेपणापलीकडे गल्लत करू नये.) सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा एकच पांढरा रंग, बांबूची काडी, आणि वर्तुळ, त्रिकोण, चौकोन हे आकार. लग्नाचा चौक लिहिणाऱ्या स्त्रियांनी ही परंपरा सांभाळली आणि जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणून जगापुढे नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली.

मुलांना या कामात घ्या. पण त्यांना शिकवू नका. ताराबाई मोडक यांनी बालशिक्षणात माँटेसरी पद्धती आणताना परदेशी महागड्या साधनांच्या जागी शंख, शिंपले, बिया, पाने, खडे अशी परिसरातील साधने वापरली. बोर्डी आणि कोसबाडच्या परिसरात अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी केलेले हे काम शिक्षणाच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जाते. त्यामागचा विचार आपल्यालाही लागू आहे. मुलाने कावळा निळा काढला तर ‘कावळा काळा असतो’ असे म्हणण्यापूर्वी सकाळच्या उन्हात कावळ्याच्या पंखांकडे एकदा स्वतः पाहून घ्या. तेथे निळसर झाक सापडण्याची बरीच शक्यता आहे.

ज्यांना चित्र अजिबात नको असेल त्यांनी ध्वनिनकाशा करावा. कागदाच्या मधोमध फुली करा, म्हणजे तुम्ही. डोळे मिटून दहा मिनिटे ऐका आणि प्रत्येक आवाज ज्या दिशेने व जितक्या अंतरावरून आला तेथे खूण करा : कुकरची शिट्टी, घारीची शीळ, नळाला आलेले पाणी, तांबट, शेजारची मालिका. निसर्ग आणि माणूस असे दोन कागद करू नका. चाळीत ते एकाच कागदावर असतात.

रविवारी वेळ असेल त्यांच्यासाठी समुद्र आहे. वरळीच्या किनारी कठड्याजवळ एक ठरावीक दगड निवडा आणि दर रविवारी एकाच वेळी तो पाण्याखाली आहे की बाहेर, ते तिथीसह लिहा. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमा व अमावास्येच्या सुमारास उधाण येते, अष्टमीच्या आसपास भांग असतो. हे कोळीवाड्यात कोणीही सांगेल. पण स्वतःच्या दगडावरून कळले की ‘उधाण’ हा शब्द तुम्ही पुन्हा सैलपणे वापरणार नाही.

आवार बदलत असताना

या नोंदींना आजच्या घडीला आणखी एक अर्थ आहे. बीडीडी चाळींचा पुनर्विकास म्हाडामार्फत चालू आहे. वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतींतील ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांत तीन पिढ्या काढलेल्या, सामाईक शौचालयाबाहेर रांगेत उभे राहिलेल्या माणसाला या किल्लीचे मोल शब्दांत सांगण्याची गरज नाही. चाळ म्हणजे प्रेमळ शेजार आणि सणवार, असे रंगवून तिच्या जाण्याबद्दल हळहळणारे लेखन बरेच होत असते. छताची गळती ज्यांनी सोसली नाही त्यांना ती हळहळ परवडते. तुमच्या नोंदवहीत गळतीही असू द्या : छतावर शेवाळ्याचा डाग कोणत्या महिन्यात हिरवा होतो, कोणत्या महिन्यात काळा पडतो, हीही निसर्गाचीच नोंद आहे.

पण चाळीस मजली इमारतीतून दिसणारे जग वेगळे असते. तेथे घार डोळ्यांच्या पातळीवर येते. मुंग्यांची रांग, पावसानंतर भिंतीवर चढणारी गोगलगाय आणि फटीतला पिंपळ दिसेनासा होतो. जुन्या आवारात कोणते झाड कोठे होते, त्याला फूल केव्हा येई, चिमणी कोणत्या मीटरपेटीमागे घरटे करी, याची नोंद सरकारी कागदात सापडणे कठीण आहे. तेथे इमारती, खोल्या आणि पात्र रहिवासी मोजले जातात. ज्यांची खोली अजून जुन्या चाळीत आहे त्यांनी आवाराचा साधा नकाशा काढून झाडे मांडावीत. जे नव्या घरी गेले आहेत त्यांनी दोन खिडक्यांच्या नोंदी समोरासमोरच्या पानांवर लिहाव्यात : डावीकडे आठवणीतली, उजवीकडे आजची. ‘आठवणीतली’ असे स्पष्ट लिहायला मात्र विसरू नका. आठवण आणि निरीक्षण यांची सरमिसळ झाली की नोंदीची विश्वासार्हता जाते. ललित लेखात पुढे दोन्ही एकत्र आणण्याचे स्वातंत्र्य तुम्हाला आहेच.

ऋतूंच्या बाबतीतही हेच. मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून मानली जाते. २०२५ साली तो २६ मे रोजीच आला. ही नोंद हवामान खात्याकडे आहे. त्या आठवड्यात गुलमोहराचा फुलोरा कितपत टिकला, कावळ्याच्या घरट्यातल्या पिलांचे काय झाले, आवारात पहिले गवत कधी दिसले, हे मात्र ज्याच्या वहीत असेल त्याच्याच वहीत आहे.

उपक्रम

तीस दिवसांची नोंदवही तयार करा. पाठकोरे कागद शिवून केलेली वही चालेल. रोज एकच खिडकी, शक्यतो एकच वेळ, आणि दहा मिनिटे. प्रत्येक नोंदीत तिथी व तारीख, वेळ, हवा, काय पाहिले, किती, ते काय करीत होते, आणि जमल्यास एक प्रश्न असावा. ‘सुंदर’, ‘मनमोहक’, ‘विलोभनीय’ हे तीन शब्द या तीस दिवसांत वापरावयाचे नाहीत. आठवड्यातून एक चित्र, घासणी किंवा ध्वनिनकाशा जोडा. पर्जन्यवृक्ष जवळ असेल तर त्याची पाने सायंकाळी किती वाजता मिटू लागतात आणि ढगाळ दिवशी त्यात काय फरक पडतो, हे निदान पाच दिवस पाहा. शेजाऱ्यांविषयी काही लिहिले तर त्यांना विचारल्याशिवाय ते पान कोणाला दाखवू नका.

तिसाव्या दिवशी सर्व नोंदी एकदा सलग वाचा. ज्या दोन किंवा तीन नोंदी एकमेकींशी बोलू लागल्या असे वाटेल त्या घेऊन सुमारे चारशे शब्दांचा ललित लेख लिहा आणि वहीसह अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रात आणा. वहीतील पाने फाडू नयेत. फसलेले चित्र आहे तसेच राहू द्यावे. पहिल्या पानावर तुमच्या खिडकीची दिशा आणि मजला लिहावा.